कोरड्या तोंडासाठी लाळेचा स्प्रे: आईने महिनाभर वापरला, माझ्याकडून ३ स्टार

आईच्या पायाची जळजळ होते म्हणून तिला रात्री अमिट्रिप्टिलिन चालू आहे, जळजळ थांबली पण तोंड असं सुकतं की भाकरीचा घास टाळूला चिकटतो आणि दर घासाला पाणी लागतं. ही गोळी लाळग्रंथींना जाणारा मज्जातंतूंचा निरोपच अडवते म्हणे. मग डेंटिस्ट मॅडमनी कृत्रिम लाळेचा स्प्रे लिहून दिला.

काम करतो, खोटं कशाला बोलू. दोन-तीनदा मारला की जिभेवर बुळबुळीत थर बसतो (त्यात सीएमसी म्हणजे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज असतं, तेच घट्टपणा देतं). आई म्हणते, "भेंडीचं पाणी प्यायल्यासारखं लागतं गं!" पण जेवायच्या आधी मारला तर भाकरी नीट उतरते. अर्धा तास टिकतो, फार तर पाऊण.

माझा राग खोक्यावरच्या "अगदी नैसर्गिक लाळेसारखा" वर आहे. मॅडमना विचारलं तर त्या हसल्याच. आपल्या ग्रंथी दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ करतात आणि ते काही नुसतं ओलं पाणी नसतं, त्यात जंतू मारणारं लायसोझाइम असतं, जेवणातले नि धुरातले काही अल्डिहाइड (म्हणजे पेशींना त्रास देणारी रसायनं) निकामी करणारं एन्झाइम असतं. आणि मला हे माहीतच नव्हतं, औषधं मोडणारी लिव्हरमधली ती सायटोक्रोम पी-४५० वाली एन्झाइम्स आहेत ना, त्यांच्यातली काही लाळग्रंथींच्या पेशींतही सापडलीत, लिव्हरच्या मानाने चिमूटभर पण आहेत. यातलं आमच्या बाटलीत काय? घटक वाचले: पाणी, सीएमसी, क्षार, गोडवा, वास. बास.

दुसरी बाटली घेताना लिंबू फ्लेवर अजिबात उचलू नका, आम्ही ती चूक केली. आंबट असतो आणि पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं इनॅमल विरघळायला लागतं, त्यात लाळ कमी म्हणजे आंबटपणा धुवायलाही कुणी नाही. मिंटवाला घ्या, सोबत फ्लोराइडची पेस्ट. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, आमच्या डॉक्टरांनीच डोस कमी करून दिला, त्याने स्प्रेपेक्षा जास्त फरक पडला.

एक स्टार नोझलसाठी कापलाय. दोन आठवड्यांत चोंदतं, आई रात्री दोन वाजता अंधारात फुसफुस दाबत बसते आणि काहीच येत नाही. कोमट पाण्यात बुडवून ठेवलं की सुटतं.