मॉडिफाय केलेला चेनसॉ खरंच किती फास्ट कापतो? बरेच महिने वापरून आलेला अनुभव

तुलनेतले तिन्ही चेनसॉ एकाच मॉडेलचे, ६० सीसीच्या आसपासचे, बार (चेन ज्यावर फिरते ती पट्टी) २० इंची. एक कंपनीतून आला तसाच, दुसऱ्याचा फक्त सायलेन्सर मोकळा करून कार्बोरेटर परत सेट केलेला आणि तिसऱ्याचं पूर्ण पोर्टिंग, म्हणजे पोर्ट (सिलिंडरमधली हवा-धूर जायची यायची भोकं) घासून मोठे केलेले, सिलिंडरखालचं गॅस्केट काढलेलं, इग्निशन टायमिंग थोडं पुढे घेतलेलं.

आधी चेनचं बोलतो, कारण तुलनेची बहुतेक भांडणं तिथेच मिटतात. तिन्हींवर एकच चेन आलटून पालटून चढवली, ३/८ इंच पिचची (पिच म्हणजे रिव्हेटमधलं सरासरी अंतर) फुल चिझल, म्हणजे चौकोनी कोपऱ्याच्या दातांची, आणि लाकूडही एकाच ओंडक्याचं, गाठ आली की तो काप धरायचाच नाही. असं केलं नाही तर मोजणीला काही अर्थच नाही हो! दात ५.५ मिमीच्या गोल कानशीने नीट घासले आणि दातापुढचा डेप्थ गेज (दात किती खोल कापेल ते ठरवणारा उंचवटा) दातापेक्षा ०.६५ मिमी खाली आणला की साधा चेनसॉसुद्धा बोथट चेन लावलेल्या पोर्टवाल्याला आरामात मागे टाकतो. भुसा बघा, जाडसर चिप्स पडत असतील तर चेन ठीक आहे, पीठ पडत असेल तर इंजिनाला दोष देऊ नका.

आता खरा फरक. मनगटाएवढ्या फांदीत तिन्ही सारखेच, स्टॉपवॉचवर जो फरक दिसतो तो हाताच्या दाबाचा. पण जाड आणि कडक लाकडात बार पूर्ण बुडाला की कंपनीवाल्याचे आरपीएम पडायला लागतात, दाब कमी करावा लागतो. सायलेन्सरवाला तिथे टिकून राहतो, आणि पोर्टवाल्यावर तर वरून अजून दाबलं तरी आवाज फारसा बदलत नाही, चेन ओढतच राहते, हे हातात घेतल्याशिवाय कळणार नाही.

पोर्टवाल्याला ७ दातांच्या जागी ८ दातांचं स्प्रॉकेटही (चेन ओढणारं दातेरी चाक) लावून पाहिलं. १०,००० आरपीएमला चेनचा वेग सेकंदाला साधारण २२ मीटरवरून २५ मीटरवर जातो, पण दाताला मिळणारी ओढ तेवढीच कमी होते, त्यामुळे मऊ लाकडात झकास आणि कडक लाकडात परत ७ वरच यावं लागलं.

माझं स्पष्ट मत, पैसे आणि जोखीम दोन्ही धरली तर सायलेन्सर प्लस कार्बोरेटर सेटिंग हेच सगळ्यात फायद्याचं. फक्त ते दोन्ही एकत्रच करायचं, कारण सायलेन्सर मोकळा झाला की इंजिनातून हवा जास्त जाते, मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं) आणि फुल थ्रॉटलला पिस्टन तापून सीझ म्हणजे जाम होऊ शकतो. कार्बोरेटरचा H स्क्रू (फुल थ्रॉटलला पेट्रोल किती जावं ते ठरवणारा) इतका उघडा ठेवतो की मोकळा फिरवताना आवाज जरा फडफडतो आणि लाकडात घातल्यावर एकदम साफ होतो, तो फरक कानाला पक्का बसला की टॅकोमीटर (आरपीएम मोजायचं यंत्र) नसला तरी निभतं.

पोर्टिंग मात्र कुणाकडूनही करून घेऊ नका. गॅस्केट काढल्यावर पिस्टन वर जाऊन हेडपासून किती लांब राहतो ते सोल्डरची तार प्लगच्या भोकातून घालून, दोरी ओढून चेपायची आणि कॅलिपरने मोजायची. साधारण ०.५ मिमी तरी पाहिजे. ज्याने माझा केला त्याने ही चेपलेली तार मला हातात दिली, म्हणून विश्वास बसला. तरी पेट्रोल जास्त पितो, गरम असताना पटकन सुरू होत नाही, दोरीला चांगलाच झटका देतो, आणि एअर फिल्टर जरा घाण झाला की लगेच जाणवतं.

आवाज दोन्ही मॉडिफायवाल्यांचा इतका वाढलाय की कानाला मफ लावल्याशिवाय मी दोरीसुद्धा ओढत नाही. सायलेन्सरमधली ठिणग्या अडवणारी जाळी अजिबात काढायची नाही, वाळल्या गवतात काम करताना तर नाहीच, ती स्वच्छ ठेवली तर ताकदीत मला काहीच फरक वाटला नाही.