चिखलदऱ्यातील धबधब्याची पायपीट: स्थानिक वाटाड्याच्या सेवेचा अनुभव
समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचीवरील चिखलदऱ्याला आम्ही परतवाड्याहून पहाटेच निघालो, कारण पावसाळ्यात धुके उतरले की दरीतली पायवाट दिसेनाशी होते, असे वाटाड्याने आदल्या दिवशीच फोनवर बजावले होते. हा कोरकू आदिवासी तरुण शेवाळलेल्या प्रत्येक दगडावर आधी काठी टेकवून पाहत असे आणि मगच आम्हाला पाऊल टाकू देत असे. वरच्या अंगाला ढग दाटताच, पाणी गढूळ होण्याची, म्हणजे लोंढा येत असल्याच्या खुणेची, वाट न पाहता, त्याने आम्हाला ओढ्यापासून दूर नेले, आणि या एका निर्णयासाठी मी त्याचा ऋणी आहे. सोबत दिलेली ज्वारीची भाकर आणि झुणका मात्र चौघांना पुरला नाही. आजूबाजूचे बरेचसे जंगल 1974 पासूनच्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे असल्याने वनखात्याची परवानगी कुठे लागते, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे.