घरभाड्याचे विवरणपत्र भरून देणारे विश्रामबाग येथील कार्यालय

मिरजेतील आमची सदनिका भाड्याने दिलेली आहे. तिच्या उत्पन्नासह आर्थिक वर्ष २०२४-२५ चे आयकर विवरणपत्र मी या जुलैत सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका करसल्लागारांकडून भरून घेतले, आणि घर भाड्याने देणाऱ्या प्रत्येकाने अशाच सल्लागाराकडे जावे असे मला मनापासून वाटते.

रंगकाम, पाण्याची मोटार, विमा आणि एजंटाची दलाली अशा सगळ्या पावत्यांची फाईल मी नेली होती. त्यांनी तिच्यातून घरपट्टीच्या पावत्या आणि बँकेचा व्याजाचा दाखला एवढेच काढून घेतले व बाकीचे कागद परत दिले. दुरुस्ती, विमा, दलाली यांसाठी कायदा सरसकट ३० टक्के वजावट देतो, मग प्रत्यक्षात खर्च त्याहून जास्त झालेला असो वा अजिबात झालेला नसो. त्यामुळे त्या पावत्यांची वेगळी वजावट मिळत नाही, हे त्यांनी आमचेच आकडे कागदावर मांडून समजावले. वर्षाचे भाडे १,०८,००० रुपये. त्यातून महापालिकेला भरलेली घरपट्टी ५,४०० रुपये वजा; यात मागील वर्षाचे थकलेले २,६०० रुपयेही धरले, कारण घरपट्टी ज्या वर्षी मालक प्रत्यक्ष भरतो त्याच वर्षी ती वजा होते. उरलेल्या १,०२,६०० रुपयांवर ३० टक्के म्हणजे ३०,७८० रुपये, आणि गृहकर्जाचे व्याज ६४,००० रुपये. करपात्र उत्पन्न राहिले ७,८२० रुपये. हप्त्यातील मुद्दल या हिशेबात येत नाही, हेही मला तेव्हाच नीट उमगले.

त्यांनी मागील वर्षाचे विवरणपत्रही मागून पाहिले, आणि तिथेच त्यांच्या कामाची खरी किंमत मला कळली. आधीच्या सल्लागाराने रंगकामाचे ३८,००० रुपये मूळ भाड्यातूनच कमी करून दाखवले होते, कारण विवरणपत्रात त्या खर्चासाठी रकानाच नसतो. ही चूक नोटीस येण्याआधी अद्ययावत विवरणपत्र भरून दुरुस्त करावी, असे त्यांनी सुचवले; त्यासाठी राहिलेला कर, त्यावरील व्याज आणि या दोन्हींवर २५ टक्के अतिरिक्त कर भरावा लागला. ते ऐकताना वाईट वाटले, तरी मनावरचे ओझे उतरले.

व्याज जास्त असून घराच्या हिशेबात तोटा येत असेल, तर जुन्या करप्रणालीत तो पगारासारख्या इतर उत्पन्नातून वर्षाला २ लाखांपर्यंतच वजा होतो आणि नव्या प्रणालीत अजिबात होत नाही, म्हणून दोन्ही हिशेब मांडूनच प्रणाली निवडावी, हेही त्यांनी न विचारता सांगितले.

उणीव एकच: जुलैच्या शेवटी गर्दी फार असते आणि वेळ ठरवूनही मला दीड तास बसावे लागले. फी मात्र त्यांनी काम हाती घेण्यापूर्वीच सांगितली होती आणि तिची पावतीही दिली. पुढच्या वर्षी मी मे महिन्यातच जाणार आहे.