सरकार बांधलेलं हवं की बळकट? हक्कांच्या बाजूने पाहताना

व्यक्तीचे हक्क जपायचे तर सरकारच्या सत्तेला मर्यादा हव्यात, हे एक मत. मर्यादांनी जखडलेलं सरकार दुबळ्याच्या काय कामाचं, हे दुसरं. यातलं काय पटतं हे ठरवायचं असेल, तर १९७६ आणि १९२७ ही दोन वर्षं शेजारी ठेवून पाहावीत.

१९७६ मध्ये पहिलं मत अगदी खरं ठरतं. आणीबाणी होती, ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षेच्या कायद्याखाली हजारो माणसं खटल्याविना तुरुंगात होती. नऊ उच्च न्यायालयांनी स्थानबद्धांची दाद ऐकता येते असं म्हटलं होतं. २८ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तोही दरवाजा बंद केला. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना. पुढच्याच वर्षी त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केलं, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष दुर्गाबाई भागवत यांनाही अटक झाली होती. इथे हक्क हिरावून घेणारं सरकारच होतं, मग त्याच्याकडे संरक्षण कसलं मागणार? म्हणूनच १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने आणीबाणीतही कलम २० (आरोपीला मिळणारं संरक्षण) आणि २१ (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) यांना हात लावायला मनाई केली.

आता महाड. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ ला झाला, पुढे महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं सर्वांना खुलं केलं. सरकारी मनाई नव्हतीच. तरीही २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांबरोबर पाणी प्यायलेल्यांना मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, आणि तळ्याच्या वापराबद्दल कोर्टातला निकाल लागायला १९३७ उजाडलं. हक्क होता, पण तो राबवणारा हात नव्हता. शासनाचं नियंत्रण हटलं की मोकळी होते ती खासगी मालकाची हुकूमशाही, असं बाबासाहेबांनी १९४७ च्या निवेदनात बजावलं होतं, ते मला आजही पटतं. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तोही याच कारणाने.

जमिनीच्या बाबतीत चित्र गुंतागुंतीचं आहे. कुळकायद्याने कुळाला हक्क दिला तो मालकाचा काढून. त्याच ताकदीने सरकार उद्या लहान शेतकऱ्याचीही जमीन घेऊ शकतं.

तेव्हा निवडताना मी आधी विचारतो, गळ्यावर हात कुणाचा आहे? गावाचा, जातीचा, मालकाचा असेल तर बळकट सरकार हवं, पोलीस आणि कोर्टासकट. अटक, पाळत, लेखन, भाषण यांचा प्रश्न असेल तर मी निःसंकोच पहिल्या बाजूला आहे. गाव सोडून दुसरीकडे जाता येतं, निदान काहींना. तुरुंगातून कुणाला जाता येत नाही. त्यामुळे सरकार लहान असावं असा माझा हट्ट नाही, पण त्याला जाब विचारणारं न्यायालय स्वतंत्र असलंच पाहिजे. आणि कलम २२ खाली आजही एखाद्याला खटल्याविना तीन महिने, सल्लागार मंडळाने मान्य केल्यास त्याहूनही जास्त, स्थानबद्ध ठेवता येतं. पहिली मर्यादा तिथे घातली पाहिजे.