पाण्यावर ॲव्हरेज वाढवणारं किट: पैसे घालवू नका

साताऱ्यात माझं गॅरेज आहे. टुरिस्ट गाडी चालवणाऱ्या एका काकांनी हे किट ऑनलाइन मागवलं आणि बसवायला माझ्याकडे आणलं. जाहिरातीत 30 टक्के जास्त ॲव्हरेज. कंपनीचं नाव लिहीत नाही, आतून ही सगळी किटं सारखीच असतात.

खोक्यात स्टीलच्या पट्ट्यांचा सेल, पाण्याची बाटली, बबलर (गॅस ज्यातल्या पाण्यातून पुढे जातो तो डबा), होजपाईप, रिले आणि कॉस्टिक पोटॅशची पुडी. पोटॅश कालवलेल्या पाण्यात करंट सोडला की हायड्रोजन-ऑक्सिजन सुटतो आणि एअर फिल्टरच्या नळीतून इंजिनात जातो. बुडबुडे खरेच येतात. व्हिडिओत तेवढंच दाखवतात.

मी वायरीतला करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. 15 अँपिअर, म्हणजे 200 वॅट. ही वीज अल्टरनेटरची, म्हणजे गाडीतल्या जनरेटरची; अल्टरनेटर फिरवतं इंजिन आणि इंजिन पितं पेट्रोल. पाणी म्हणजे हायड्रोजन जळून उरलेली राखच. लिटरभर पाणी फोडायला कमीत कमी 4.4 युनिट वीज लागते. तो हायड्रोजन पुन्हा जाळला तर फार तर तेवढीच उष्णता मिळणार, आणि त्यातले चार आणेच चाकापर्यंत पोचणार. शिवाय गॅस सुटतो मिनिटाला जेमतेम लिटरभर. 1200 सीसीचं इंजिन हायवेला मिनिटाला कित्येकशे लिटर हवा ओढतं.

टाकी दर वेळी त्याच पंपावर काठोकाठ भरून सातारा-पुणे-सातारा बघितलं. किट बंद असताना 17.4, चालू असताना 17.1. एवढा फरक खंबाटकीच्या ट्रॅफिकनेही पडतो. पण 30 टक्के वाढ असती तर आकडा 22 च्या वर गेला असता.

मला खरा राग आला तो सोबतच्या छोट्या सर्किटचा. ते ऑक्सिजन सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) वायरीत जोडायला सांगतात. त्याने ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कंप्युटरला, खोटा सिग्नल जातो आणि पेट्रोल कमी सोडलं जातं. ॲव्हरेज थोडं वाढलेलं दिसलं तर ते यामुळे, पाण्याचा त्यात काही संबंध नाही. मिश्रण असं लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) झालं की मिसफायर होतो, इंजिन तापतं, व्हॉल्व्ह जळायची भीती. रोज घाट चढणाऱ्या माणसाला हे विकणं चुकीचं आहे. मी ते जोडलं नाही.

हा दावा जुनाच आहे. अमेरिकेत स्टॅनले मेयरने पाण्यावर गाडी चालते म्हणून पैसे गोळा केले होते. 1996 मध्ये ओहायोच्या कोर्टाने ती फसवणूक ठरवून गुंतवणूकदारांचे पैसे परत करायला लावले.

मी विक्रेत्याकडे पुण्याच्या एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा चाचणी अहवाल मागितला. त्यांनी एका ग्राहकाचा व्हिडिओ पाठवला. काकांचं किट काढून परत पाठवतोय.

ज्यांनी आधीच बसवलंय त्यांनी सेन्सरचं सर्किट आजच काढा. बबलर कोरडा पडू देऊ नका, इंजिनातली आग उलटी सेलपर्यंत येऊ शकते. आणि पोटॅश हाताळताना हातमोजे नि चष्मा घाला, त्याने कातडी भाजते.