तिसरा शिरोबिंदू सापडत नसेल तर जिओजेब्रा

निर्देशक भूमिती (बिंदू एक्स-वायच्या आकड्यांनी मांडायची भूमिती) सुरू झाली की माझ्या शिकवणीतली निम्मी पोरं सूत्रं घोकतात आणि आकृती काढायचा कंटाळा करतात. अशांच्या पालकांना मी सरळ जिओजेब्रा हे आकृत्या आणि आलेख काढायचं ॲप घ्यायला सांगते. ऑस्ट्रियात साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये हे सुरू केलं. घरच्या अभ्यासाला फुकट आहे, आणि एकदा डाउनलोड केलं की नेट लागत नाही. त्यांची ॲप्स बरीच आहेत. या धड्यासाठी ग्राफिंगवालं घ्या.

पैसा वसूल म्हणावं (फुकट असलं तरी!) ते मध्यगासंपाताच्या गणितात. मध्यगासंपात म्हणजे त्रिकोणाच्या तिन्ही मध्यगा मिळतात तो बिंदू; सूत्र जी = (ए + बी + सी)/३. ए(१, २), बी(७, ०), मध्यगासंपात जी(३, ३), तर सी काढा. तीन बिंदू टाकायचे आणि खालच्या ओळीत ३जी − ए − बी लिहायचं. सी(१, ७) हजर. आता ए बोटाने एक घर उजवीकडे ओढा, सी एक घर डावीकडे जातो. जी एक घर सरकवा, सी तीन घरं पळतो! "मॅडम, तीनच का?" असं कुणीतरी विचारतंच, आणि मग सूत्रातल्या छेदातला ३ वेगळा समजवावा लागत नाही.

समभुज त्रिकोणाला मात्र जपून. ए(०, ०), बी(४, ०) दिले आणि नियमित बहुभुजाकृतीचं बटण दाबलं, तर एकच त्रिकोण येतो, वरचा. आधी बी आणि मग ए टेकवलात तर खालचा. पेपरात चरण (आलेखाच्या चार भागांपैकी कोणता) दिलेला नसेल तर दोन्ही उत्तरं लिहायची असतात, म्हणून ते बटण माझ्याकडे बंद. ए केंद्र धरून बीमधून जाणारं एक वर्तुळ, बी केंद्र धरून एमधून जाणारं दुसरं. छेदबिंदू दोन, दुसरं उत्तर लपायला जागाच नाही.

शिवाय ॲप (२, ३.४६) दाखवतं. परीक्षकाला २√३ हवं. ते वहीतच काढायचं: दोन्ही टोकांपासून अंतर सारखं, म्हणून एक्स = २; बाजू ४, म्हणून वाय² = ४² − २² = १६ − ४ = १२; वाय = ± २√३. इथे मी एक तारा कापला, पाचातले चार.

लॅपटॉप असेल तर त्यावरच वापरा. फोनवर बोटाखाली बिंदूच झाकला जातो.