निलंबित कैद की सामुदायिक आदेश?
इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रौढ आरोपी दोषी ठरूनही अनेकदा कोर्टातून घरी जातो. सामुदायिक आदेश मिळाला तर त्याला 40 ते 300 तासांचं बिनपगारी काम, व्यसनमुक्ती उपचार, रात्रीची घरबंदी असं काहीतरी पाळावं लागतं. निलंबित कैदेतही, म्हणजे सुनावलेली पण लगेच भोगावी न लागणारी कैद, नेमक्या याच अटी असू शकतात, त्यामुळे बाहेरून दोन्ही सारखंच वाटतं.

फरक मुळात आहे. निलंबित शिक्षा ही कायद्याने कैदच असते. गुन्हा इतका गंभीर हवा की दंड किंवा सामुदायिक शिक्षा पुरणारच नाही. ते ठरल्यावरच न्यायाधीश ती स्थगित करतात. ‘जरा कडक सामुदायिक आदेश’ म्हणून ती वापरू नये, असं शिक्षाविषयक मार्गदर्शक तत्त्वं बजावतात, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कारण अट मोडली किंवा नवा गुन्हा केला, की अन्यायकारक ठरत नसेल तर ती कैद पूर्ण किंवा अंशतः भोगावीच लागते. सामुदायिक आदेश मोडला तर सहसा दंड होतो, अटी वाढतात किंवा नव्याने शिक्षा सुनावली जाते.

व्यसनातून भुरट्या चोऱ्या करणाऱ्यासाठी मी सामुदायिक आदेशच निवडेन. उपचारात पाऊल घसरतंच. तेवढ्यावरून तुरुंगाचं दार उघडू नये.